सांधा

आमच्या नव्या जागेच्या वास्तुशांतीला आलेली मंडळी फरशी बघत होती, खिडक्या बघत होती, नळ सोडून पाण्याला जोर किती ते बघत होती. वरच्या मजल्यावरचे अप्पा हॉलच्या मधोमध उभे राहिले, त्यांनी डोळे मिटले आणि खणखणीत एक टाळी वाजवली. गुरुजींना वाटलं आरती सुरू झाली. त्यांनी घाईघाईने घंटा उचलली. अप्पांनी हात वर करून त्यांना थांबवलं, टाळीचा घुमारा पुरता विरेपर्यंत ऐकला आणि मला म्हणाले, "जागा चांगली आहे. जाड सतरंजी टाका आणि त्या भिंतीला पुस्तकांचं कपाट लावा. नाहीतर एक माणूस तबला वाजवेल आणि चौघे वाजवतायत असं वाटेल." आमच्या घरात तबला वाजण्याची काही शक्यता नव्हती. तरीही सतरंजी आणली.

अप्पांना वस्तू डोळ्यांनी दिसत नाहीत, बोटांच्या पेरांनी दिसतात. कपाट असो, दार असो, फ्रिज असो, आधी टकटक. एका लग्नात त्यांनी जेवणाच्या टेबलावर टकटक करून "भुसा दाबलेला दिसतोय" असं म्हटलं आणि शेजारी आग्रह करायला उभ्या असलेल्या वधूपित्याचा चेहरा पडला. अप्पांच्या मनात काही नव्हतं. खोका करायला हे लाकूड चालेल का, एवढाच त्यांचा विचार. जगातल्या सर्व लाकडाकडे ते याच एका नजरेने पाहतात.

कारण अप्पा स्पीकर करतात. विकायला नाही, वाजवायलाही फारसे नाही. करतात.

इमारतीत हे बरेच दिवस कुणाला कळलं नव्हतं. जिन्यात भेटले आणि "काय अप्पा, कसं काय?" विचारलं की ते कपाळाला आठ्या घालून म्हणायचे, "बाकी सगळं ठीक. सांधा काही जमत नाही." तळमजल्यावरच्या आजींनी दोनदा निर्गुडीचं तेल पाठवलं. अप्पांनी ते खोक्याच्या बिजागऱ्यांना लावलं.

हा सांधा म्हणजे काय ते समजायला अप्पांची नोकरी समजायला हवी. अप्पा टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले. टेलिफोनच्या तारेतून आवाज जातो तो ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढ्या पट्ट्यातला. त्याच्या खालचं आणि वरचं कापून टाकलं तरी आईचा आवाज आईचाच वाटतो आणि उधारी मागणारा लगेच ओळखू येतो. "माणूस माणसाला सापडतो तो एवढ्यात," अप्पा म्हणतात. "आणि हे कंपनीवाले काय करतात? वुफर आणि ट्वीटरचा सांधा ठेवतात अडीच-तीन हजारावर! कान जिथे सगळ्यात तिखट, तिथेच ठिगळ. अर्धा गवई एका पडद्यातून, अर्धा दुसऱ्यातून. पैठणीला कुणी पदराच्या मधोमध ठिगळ लावतं का?"

याला एक जुनं कारणही आहे. १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून गीतरामायण सुरू झालं तेव्हा अप्पा सात वर्षांचे होते. वाड्यात एकच व्हॉल्व्हचा रेडिओ, त्यात एकच स्पीकर आणि त्याच्यासमोर अख्खा वाडा. त्या रेडिओला ना धड खर्ज होता ना धड वरची झिलई. पण आवाज एका तोंडातून यायचा. तो अख्खा आवाज अप्पा पुढे सगळं आयुष्य शोधत राहिले. फक्त त्याला खर्जही हवा आणि झिलईही, असं त्यांनी मध्येच ठरवलं आणि तिथून घोटाळा झाला.

तर अप्पांचा सिद्धान्त असा. एक तीन इंची फुल रेंज घ्यायचा, आमटीच्या वाटीएवढा. सगळं गाणं त्याच्याकडे द्यायचं. तो ते मनापासून गातो, पण खाली उतरताना दमतो. त्याचा दोष नाही. सूर एक सप्तक खाली गेला आणि आवाज तेवढाच ठेवायचा म्हटला की पडद्याला चौपट हलावं लागतं. "सप्तक एक, धाप चौपट," अप्पा म्हणतात. म्हणून खालचं ओझं उचलायला आठ इंची वुफर ठेवायचा, ताटाएवढा. त्याला वर गाऊ द्यायचं नाही, कारण मोठ्या पडद्यातून वरचे सूर टॉर्चच्या झोतासारखे सरळ जातात. समोरच्याच्या कानात घुसतात, बाजूला बसलेला कोरडा. आणि दोघांचा सांधा ठेवायचा ३०० वर, टेलिफोनच्या उंबरठ्यावर. तिथे आवाजाची लाट सव्वा मीटरला थोडी कमी. दोन पडदे एकमेकांपासून वीतभर लांब असले तरी एवढ्या लांब लाटेपुढे वीत म्हणजे काहीच नाही. कानाला दोघे एकच वाटतात.

वाटावेत, असं म्हणू.

कारण वाटी आणि ताट एकत्र ठेवलं म्हणजे संसार झाला असं नाही. अप्पांच्या वहीत प्रत्येक स्पीकरची पत्रिका आहे. १९६१ साली नेव्हिल थील या ऑस्ट्रेलियन इंजिनिअराने आणि पुढे १९७०च्या दशकात रिचर्ड स्मॉल यांनी स्पीकरचा स्वभाव आकड्यांत बसवला: तो मुळात कुठल्या सुरावर थरथरतो, ती थरथर किती लवकर आवरतो (या आकड्याला क्यूटीएस म्हणतात), त्याच्या पडद्याचा ताण किती लिटर हवेइतका आहे. या आकड्यांवरून खोका केवढा ते ठरतं. अप्पांनी वहीच्या पहिल्या पानावर या दोघांची नावं कुंकवाच्या बोटाने लिहिली आहेत.

पण हे आकडे बाजारात कुठून मिळणार? मी एकदा त्यांच्याबरोबर तपकीर गल्लीत गेलो होतो. दुकानदाराने आठ इंची वुफर काउंटरवर आपटला. "घ्या साहेब. मॅग्नेट बघा, उचलून बघा! बेस असा की शेजारी भांडायला येतील."

अप्पांनी विचारलं, "क्यूटीएस किती?"

दुकानदाराने मागे वळून पोऱ्याकडे पाहिलं. पोऱ्याने मान हलवली. "क्यूटीएस संपलं साहेब. मंगळवारी येईल."

म्हणून अप्पा हे आकडे घरी मोजतात. ताणाच्या आकड्यासाठी पडद्याला ठरावीक वजन चिकटवायचं, थरथर किती खाली आली ते बघायचं आणि गणित मांडायचं. वजन म्हणून त्यांनी कणकेचा गोळा घेतला. बरोबर बारा ग्रॅम हवेत म्हणून तो सराफाकडे नेऊन तोलून आणला. सराफाने सवयीने विचारलं, "मोड का?" रात्री मोजलं तर एक आकडा, सकाळी मोजलं तर दुसरा. दुपारी तिसरा. अप्पांनी तीन दिवस वुफरच्या चारित्र्यावर संशय घेतला. चौथ्या दिवशी काकू भाजी चिरता चिरता म्हणाल्या, "अहो, कणीक वाळत असेल."

काकूंना क्यूटीएस ठाऊक नाही. त्या गुरुवारी भजनी मंडळात टाळ वाजवतात आणि बाकीचे सहा दिवस खोक्यांवरची धूळ पुसतात.

खोक्यांचंही एक शास्त्र आहे. खालचे सूर खोक्याला वळसा घालून मागच्या भिंतीकडे निघून जातात, म्हणून थोरला, म्हणजे वुफर, मुळातच थोडा मोठ्या गळ्याचा निवडायचा. धाकट्याला, म्हणजे फुल रेंजला, खोक्यात स्वतंत्र कप्पा, कारण एकाच खोक्यात ठेवलं तर थोरल्याच्या श्वासाने धाकट्याचा पडदा हलतो. "एकत्र कुटुंब, पण नव्या जोडप्याला वेगळी खोली," असं त्यांनी सुताराला समजावलं. सुताराने अठरा मिलिमीटरचा प्लाय, आतल्या आडव्या-उभ्या पट्ट्या आणि बत्तीस स्क्रू यांच्याकडे पाहून हळूच विचारलं, "साहेब, आत नेमकं काय कोंडायचंय?"

यंदाची जोडी दसऱ्याला सुरू झाली. अप्पांनी या खेपेला प्रत्येक पडद्यामागे दुहेरी जोडी लावायची ठरवली: ६ मिलिहेन्रीची कॉइल आणि ४७ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर. कंडेन्सर बाजारात मिळाले. सांधा इतका खाली ठेवायचा तर कॉइल अवाढव्य लागते. चार कॉइली अप्पांनी स्वतः गुंडाळल्या. गॅलरीत स्टूल, मांडीवर लाकडी रीळ, जाड तांब्याची तार आणि तीनशेच्या पुढे वेढे. मी भाबडेपणाने विचारलं, "काय अप्पा, सकाळी सकाळी?" अप्पांचे ओठ हलायचे थांबले. त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मी विसरणार नाही. मग शांतपणे सगळी तार उलगडली आणि पुन्हा म्हणाले, "एक." तयार झालेली कॉइल हुबेहूब हंड्याखालच्या चुंबळीसारखी दिसते. दोन आठवडे आम्ही सगळे गॅलरीखालून चोरासारखे जात होतो.

नोव्हेंबरात ऐकण्याचं आमंत्रण आलं. अप्पांच्या हॉलमध्ये एकच खुर्ची आहे आणि तिच्या चार पायांभोवती फरशीवर खडूची वर्तुळं. त्या खुर्चीवर बसून डावीकडे कलायचं नाही, पाय हलवायचा नाही आणि "वा" म्हणायचं नाही, कारण "वा"मुळे पुढचं ऐकू येत नाही. आधी तानपुरा लागला. अप्पा सगळ्या जोड्या तानपुऱ्यावर घासून बघतात. गवयाचा सा काळी एकचा धरला तर तानपुऱ्याचा खर्ज ७० हर्ट्झच्या आसपास येतो. ते थोरल्याचं काम. पण त्याच तारेतून जवारीमुळे जो झंकार उठतो तो हजारांच्या घरात पोचतो. ते धाकट्याचं काम. तार एकच, पडदे दोन. जोडी जमली नसेल तर तानपुरा मधून फाटतो.

चाळीस सेकंद झाल्यावर अप्पांनी बंद केलं. "ऐकलंत?"

"छान आहे," मी म्हणालो.

"छान काय? फाटलंय!" त्यांनी पुन्हा लावलं. वीस सेकंदांनी बंद केलं. मग ख्याल. गवयाने तोंड उघडून पहिली अक्षरं टाकली, सम दिसू लागली आणि अप्पांनी बंद केलं. त्या संध्याकाळी मी अकरा बंदिशींचे मुखडे ऐकले, सम एकाचीही ऐकली नाही. अप्पा वहीत गणित करत होते, एक रेझिस्टर काढून दुसरा लावत होते आणि घामाघूम झाले होते. "सांधा दिसतोय," ते पुटपुटत होते. "कुठेतरी सांधा दिसतोय."

काकू पोह्यांच्या बशा घेऊन आल्या. दारातच क्षणभर थांबल्या. "अहो," त्या म्हणाल्या, "या गवयाला घसा आहे, पोट आहे. मधली छाती कुठे गेली?"

अप्पांचा हात हवेत राहिला. त्यांनी वही उघडली. एका पानावर लाल शाईने अधोरेखित केलेलं होतं की अशी दुहेरी जोडी लावली की सांध्यावर दोन्ही पडद्यांची चाल बरोबर उलटी होते. एक पुढे येतो तेव्हा दुसरा मागे जातो आणि दोघे मिळून नेमका तिथलाच सूर खाऊन टाकतात. म्हणून एकाच्या तारा मुद्दाम उलट्या जोडायच्या. अप्पांनी सकाळी वुफरच्या जोडल्या होत्या. दुपारच्या झोपेनंतर, आठवण ठेवून, फुल रेंजच्याही जोडल्या होत्या. दोन उलट्यांची एक सुलट झाली होती. म्हणजे तीनशेच्या आसपास, टेलिफोनच्या ऐन उंबरठ्यावर, खड्डा.

त्यांनी दोन्ही खोक्यांच्या मागे जाऊन वुफरची लाल तार काळ्या जागी आणि काळी लाल जागी लावली. दीड मिनिटाचं काम.

आणि गवयाला छाती आली. दोन खोक्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत एक धिप्पाड माणूस मांडी घालून बसला. तानपुरा त्याच्या मागे उभा राहिला, डग्गा तबल्याशेजारी येऊन टेकला. समेवर माझ्या तोंडून "वा" गेलं आणि अप्पा रागावले नाहीत. त्यांनी बंदही केलं नाही. काकू बशा हातात धरूनच बसल्या. बडा ख्याल संपला, छोटा झाला, द्रुत झाली. संपल्यावर बराच वेळ कुणी बोललं नाही. पोहे गार झाले होते. अप्पांनी चष्मा काढून पुसला आणि काच स्वच्छ असूनही पुसतच राहिले. वाड्यातला तो एका तोंडाचा रेडिओ त्यांना ऐकू आला असावा, असं मला वाटलं.

चला, अप्पांचा सांधा एकदाचा जमला, असं मी खाली येऊन घरी जाहीर केलं.

पुढच्या रविवारी वरून स्क्रू फिरवल्याचा आवाज आला म्हणून गेलो. दोन्ही खोकी उताणी पडली होती. वाटी एका सतरंजीवर, ताट दुसऱ्या सतरंजीवर, बत्तीस स्क्रू एका वाडग्यात. अप्पा गॅलरीत स्टूल टाकून बसले होते. मांडीवर रीळ होतं.

"अप्पा! इतकं सुंदर वाजत होतं की!"

"वाजत होतं ना," ते कष्टी होऊन म्हणाले. "आठ दिवस ऐकलं. कुठे जोडलंय ते कळतच नव्हतं."

"मग तेच तर हवं होतं!"

"अहो, पण मग मी ऐकायचं काय?"

स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज आला, ३०० ते ३४०० च्या बरोबर मधोमध.

"गाणं!"

अप्पांनी माझ्याकडे हताशपणे पाहिलं, सगळी तार उलगडली आणि म्हणाले, "एक."