हिशेबाला रंगीत पंखे

सुरतच्या सचिन जीआयडीसी औद्योगिक वसाहतीतल्या एका शेठनी हिशेबासाठी संगणक घेतला: 8 जीबीचं ग्राफिक्स कार्ड, काचेचं कॅबिनेट, आत सात रंगांत उजळणारे पंखे. त्यावर खानदेशी मुनीम टॅलीत बिलं चढवतो आणि 50,000 रुपयांवरच्या मालाचं ई-वे बिल काढतो. गेम म्हणावा तर एकच, जीएसटीचा. जुलै 2017 पासून चालू आहे, शेवटची लेव्हल कुणी पाहिली नाही. यूपीएस मात्र ‘नंतर बघू’. वीज गेली की पंख्यांबरोबर अर्धवट नोंदही विझते. शेठ, 8 किंवा 16 जीबी रॅम, एसएसडी, प्रोसेसरमधलंच ग्राफिक्स आणि यूपीएस, हिशेबाला एवढं पुष्कळ झालं. उरलेल्या पैशांत मुनिमाला बरी खुर्ची घ्या.