सुकं ते सुकंच

मे संपत आला की भाईंदरजवळच्या आमच्या बेव्हर्ली पार्कात तांदळाची पोती, तूरडाळ, पोहे, साबुदाणा आणि पापडांच्या थप्प्या रिक्षांतून उतरू लागतात. या कोरड्या मालाला लिफ्टमध्ये मान असतो. "कोलम का? काय भावाने पडला?" असं विचारत लोक पोट आत घेऊन जागा करून देतात.

आमच्याकडचा निम्मा कोरडा माल मात्र उत्तनहून येतो, तो म्हणजे सुकी मासळी. ओल्या बोंबलात मासा कमी आणि पाणीच जास्त. उत्तनच्या किनाऱ्यावर जबड्यात जबडा अडकवून त्यांना जोडीजोडीने बांबूंवर टांगतात आणि मग ऊन आणि वारा मिळून त्यांची पार काडी करून टाकतात. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद. त्यामुळे पावसाळा निभवायचा तर बोंबील, जवळा, सोडे मेमध्येच भरावे लागतात. माझ्या मते कोरडेपणाच्या परीक्षेत बोंबील बदामालाही मागे टाकेल. पण सुका मेवा चांदीच्या वाटीत बसतो आणि बोंबील तीन पिशव्या, दोन वर्तमानपत्रं आणि एका जुन्या टॉवेलात गुंडाळून चोरासारखा वर न्यावा लागतो.

यंदा चौथ्या मजल्यावरच्या भाभी मध्येच लिफ्टमध्ये शिरल्या. नाकाला पदर लावून म्हणाल्या, "भाईसाब, यहाँ कोई मर गया है क्या?"

आई शांतपणे म्हणाली, "हो, पण पंधरवडा झाला. सगळं उत्तनलाच उरकलं."

भाभी पुढच्याच मजल्यावर उतरल्या. तो दुसरा होता.

जुलैत मात्र सगळ्यांचा माल एका पंक्तीला बसतो. पापड रुमालासारखे घडी होतात, रव्यात जाळी धरते, डाळीत पोरकिडे संसार थाटतात. भाईंदर म्हणजे मिठागरांचा मुलूख, पण इथेही बरणीतलं मीठ पाझरून चमच्याला दाद देत नाही. त्या दिवसांत घरात खऱ्या अर्थाने कोरडं एकच असतं, महिनाअखेरीचं पाकीट.

अमेरिकेत पूर्वी 'ड्राय गुड्स'च्या, म्हणजे कोरड्या मालाच्या, दुकानात कापडचोपड मिळायचं. लेव्ही स्ट्रॉसने 1853 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत असाच घाऊक धंदा मांडला आणि पुढे त्याची जीन्स जगभर गेली. ती जुलैत आमच्या बाल्कनीत वाळत घालून त्याने एकदा पाहायला हवी होती. चौथ्या दिवशी त्याने दुकानाची पाटी स्वतःच्या हाताने उतरवली असती.