नगरी मॅनेजरशास्त्र : एक शास्त्रोक्त व्याख्यान

(रंगमंचावर टेबल, तांब्या-भांडं, एक जाडजूड ग्रंथ. व्याख्याता येतो, चष्मा लावतो, पान उघडतो आणि नमस्कार-चमत्कार न करता वाचायला लागतो. पूर्ण प्रयोगात त्याने हसायचं नाही.)

फँटसी प्रीमियर लीग, म्हणजे एफपीएल, हा इंग्लंडच्या प्रीमियर लीग या फुटबॉल स्पर्धेचा अधिकृत ऑनलाइन खेळ. तो २००२ पासून चालू आहे आणि जगभरातले एक कोटीहून जास्त लोक तो खेळतात. 'खेळतात' हा शब्द इथे सैल अर्थाने घ्यावा. पळतो हालँड, घाम गाळतो सलाह, गुडघा तिसऱ्याचाच निखळतो, आणि पाथर्डी तालुक्यात बाजेवर आडवा पडलेला इसम सांगतो, "ह्या आठवड्यात आपण ६२ केले." या इसमाला शास्त्रात मॅनेजर म्हणतात.

मॅनेजरला सुरुवातीलाच १० कोटी पौंड मिळतात. तारण नाही, जामीनदार नाही, सोसायटीच्या सचिवाला चहा पाजणं नाही. एवढ्या सुलभ पतपुरवठ्याची सवय नसल्यामुळे अहिल्यानगर जिल्ह्यातला मॅनेजर पहिले दोन दिवस नुसताच तो आकडा बघत बसतो. नंतर त्या रकमेत १५ खेळाडू बसवायचे असतात: २ गोलकीपर, ५ बचावाचे, ५ मधल्या फळीचे, ३ आघाडीचे. जिल्ह्यात तालुके १४. त्यामुळे तालुक्याला एक याप्रमाणे वाटप करून उरलेला एक नाराज गटाला देण्याची प्रवृत्ती दिसते. ती टाळावी.

एका क्लबातून तीनच खेळाडू घेता येतात, हा पुढचा नियम. आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना १९५० च्या सुमाराला प्रवरानगरला याच जिल्ह्यात उभा राहिला. 'एका घरातून तीनच' असा नियम तेव्हाच पोटनियमांत घातला असता तर पुढच्या कित्येक संचालक मंडळांना कोरम मिळाला नसता.

(पाणी पितो. पान उलटतो.)

नवशिक्या मॅनेजर पैसा नावावर उधळतो. २०२४-२५ च्या हंगामात एकटा हालँड दीड कोटीला होता. असे तीन-चार मोठे पाहुणे बोलावले की उरलेल्या पंगतीला पत्रावळी पुरत नाहीत, आणि रविवारी रात्री लक्षात येतं की पंधरातून निवडलेल्या अकरा जणांपैकी चौघे मैदानात उतरलेच नाहीत. जाणकार उलट्या बाजूने हिशेब मांडतात. दुसरा गोलकीपर ४० लाखांचा, म्हणजे सगळ्यात स्वस्त घ्यायचा. तो वर्षभर खेळत नाही, आणि त्याने खेळावं अशी कोणाची अपेक्षाही नसते. (पुस्तकातून मान वर करून) अशी पदं इतरत्रही असतात. (पुन्हा वाचू लागतो.) मात्र बाकावरच्या बाकी तिघांपैकी दोघे तरी दर आठवड्याला मैदानात उतरणारे हवेत, कारण मुख्य संघातला कोणी खेळला नाही तर बाकावरचा क्रमाने आपोआप आत येतो. हा क्रम लावून ठेवायचा असतो, हे बहुतेकांना डिसेंबरमध्ये कळतं.

आता गुण. साठ मिनिटं खेळला की २, त्याहून कमी खेळला तर १. गोल आघाडीच्याने केला तर ४, मधल्या फळीच्याने केला तर ५, बचावाच्याने केला तर ६. दुसऱ्याच्या गोलला हातभार लावला तर ३. पिवळं कार्ड मिळालं की एक गुण वजा, लाल मिळालं की तीन वजा, पेनल्टी वाया घालवली की दोन वजा. या कोष्टकातच खरी मेख आहे. खेळाडू मैदानात कुठे उभा राहतो याला किंमत नाही. खेळाच्या दप्तरी तो कोणत्या खात्यात नोंदलाय याला किंमत आहे. सलाह आयुष्यभर गोलपोस्टसमोर वावरला, पण २०२४-२५ मध्ये नोंद मधल्या फळीची. त्यामुळे प्रत्येक गोलमागे एक गुण जादा, आणि त्या हंगामात त्याने ३४४ गुणांचा विक्रम केला. २०१९-२० मध्ये शेफील्ड युनायटेडचा जॉन लुंडस्ट्रम तर कागदावर बचावपटू होता, भाव ४० लाख, आणि प्रत्यक्षात मधल्या फळीत खेळून गोल करत होता. सातबाऱ्यावर नाव एकाचं आणि वहिवाट दुसऱ्याची, हा प्रकार ज्याच्या घरात तीन पिढ्या कोर्टात चाललाय त्या नगरकराला लुंडस्ट्रम एका मिनिटात समजतो. इंग्रजांना समजायला पाच आठवडे लागले.

बचावाचं महत्त्व या जिल्ह्याला वेगळं शिकवावं लागू नये. १५९५ च्या अखेरीस शहजादा मुराद मोगल फौज घेऊन नगरच्या किल्ल्यावर आला. सुरुंगाने तट उडाला तेव्हा चांदबिबीने स्वतः उभं राहून रातोरात खिंडार बुजवून घेतलं. पुढे तहात वऱ्हाड द्यावं लागलं, पण क्लीन शीट राहिली. एफपीएलमध्ये साठ मिनिटं खेळून संघावर गोल होऊ न देणाऱ्या बचावपटूला क्लीन शीटचे ४ गुण मिळतात, आणि दोन गोल खाल्ले की एक कापला जातो. २०२५-२६ पासून बचावपटूने एका सामन्यात दहा वेळा चेंडू फटकावणं, अडवणं, मधेच तोडणं किंवा हिसकावणं असं काही केलं तर आणखी २ गुण मिळू लागले. म्हणजे सतत हल्ला सोसणाऱ्या गरीब संघातला धिप्पाड बचावपटू चार गोल खाऊनही काहीतरी कमवून येतो. असा एक जरूर ठेवावा. तरीही नगरचा मॅनेजर बचावाचे तिघेच खेळवतो, कारण त्याहून कमी खेळवता येत नाहीत.

(तांब्यातलं पाणी भांड्यात ओततो, पीत नाही. गंभीर होतो.)

कॅप्टन. कॅप्टनचे गुण दुप्पट होतात, म्हणून आठवड्यातला सगळ्यात मोठा निर्णय हाच. नियम साधा आहे: घरच्या मैदानावर, दुबळ्या संघाविरुद्ध, पेनल्टी घेणारा खेळाडू. दुबळा कोण हे शोधायला फार लांब जावं लागत नाही. २०२३-२४ आणि २०२४-२५ या दोन्ही हंगामांत खालच्या लीगमधून वर आलेले तिन्ही संघ वर्षभरात परत खाली गेले. नव्याने वर आलेल्यांविरुद्ध जो खेळतोय त्याला कॅप्टन करावं आणि झोपावं. हे झोपणं साधत नाही. शुक्रवारी रात्री मॅनेजरच्या मनात येतं की हा कॅप्टन तर सगळ्यांनीच केला असेल, आपण जरा वेगळं करू. या विचाराला परिभाषेत 'डिफरन्शियल' म्हणतात. घरचे त्याला दुसरं काहीतरी म्हणतात.

संघ लावायची डेडलाइन ही पहिल्या सामन्याच्या ९० मिनिटं आधी असते. शनिवारचा पहिला सामना इंग्लंडमध्ये दुपारी साडेबाराला, म्हणजे उन्हाळी वेळेत भारतात पाचला. तेव्हा डेडलाइन दुपारी साडेतीन. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इंग्लंडमधली घड्याळं तासभर मागे जातात आणि तीच डेडलाइन साडेचारला येते. पाथर्डीतली घड्याळं कुठेही जात नाहीत. मार्चच्या शेवटी ती परत साडेतीनवर येते, आणि नेमक्या तेव्हाच लग्नाच्या उन्हाळी तिथी सुरू होतात.

उदाहरणार्थ, राहुरीचं एक मंगल कार्यालय घ्यावं. शनिवार, एप्रिल. मुहूर्त १२ वाजून ३५ मिनिटांचा, त्यामुळे वेळ दुपारी ३ वाजून २० मिनिटं झाली आहे. आमदार साहेब आत्ताच आले, त्यांनी वधूवरांना आशीर्वाद आणि पाटपाण्याच्या प्रश्नाला वीस मिनिटं दिली. अंतरपाट धरलेला. नवरदेवाच्या एका हातात अक्षता, दुसरा हात शेरवानीच्या खिशात. खिसा थरथरतो. मागे उभ्या मामांना नवरदेव हळूच म्हणतो, "मामा, जरा मुंडावळ्या बाजूला धरा."

"आरं, काय झालं?"

"कॅप्टन जायबंदी झालाय, मामा."

मामांच्या घरातले दोघे फौजेत. मामांचा चेहरा उतरतो. "कवा? कुठं?"

"सरावात. मांडीचा स्नायू."

मामा डोळ्याला उपरणं लावतात. मागच्या रांगेत बातमी जाते, तिथून स्वयंपाकघरात जाते, आणि आचारी जिलेबीचा घाणा थांबवतो. नवरदेव एका अंगठ्याने नवा कॅप्टन शोधतोय, नेटवर्कची एकच दांडी. इतक्यात अंतरपाटापलीकडून बारीक आवाज येतो: "अहो, त्याला मी कालच काढला. उपकॅप्टन कोण ठेवलाय?"

(थांबतो. चष्मा पुसतो.)

उपकॅप्टन महत्त्वाचा असतो तो यासाठी. कॅप्टन अजिबात मैदानात उतरला नाही तर दुप्पट गुण उपकॅप्टनला मिळतात. नवरदेवाने उपकॅप्टन नीट ठेवला असता तर जिलेबी करपली नसती.

बदल्यांचं प्रकरण सगळ्यात मोठं आहे. आठवड्याला एक बदली फुकट. न वापरलेली पुढे साठते, २०२४-२५ पासून पाचपर्यंत साठवता येते. फुकटच्या वर केलेल्या प्रत्येक बदलीला ४ गुण वजा, त्याला 'हिट' म्हणतात. हिटचा हिशेब पाटीवर मांडण्याजोगा आहे. जुना आघाडीवीर काही न करता साठ मिनिटं उभा राहिला तरी २ देतो. नवा आणला, त्याने गोल केला, ६ झाले. त्यातून हिटचे ४ गेले, उरले २. गोल होऊनही गाडी जिथल्या तिथे. आणि त्याने गोल केला नाही तर काय, हे पुस्तकात दिलेलं नाही, कारण ते मॅनेजर स्वतः मोठ्या आवाजात सांगतो.

मॅनेजरचा हात सर्वात जास्त शिवशिवतो तो रविवारी रात्री. कोणीतरी दोन गोल केलेले असतात आणि तो आपल्याकडे नसतो. रात्री साडेअकराला बदली होते. मग मंगळवारी-बुधवारी युरोपातले सामने होतात, त्यात नव्याने आणलेला पाय धरून बसतो, आणि शुक्रवारी क्लबचा प्रशिक्षक पत्रकारांना सांगतो की तीन आठवडे लागतील. बदली शुक्रवारच्या या पत्रकार परिषदांनंतर करावी, एवढं एक पथ्य पाळलं तरी निम्मं शास्त्र आलं. घोडेगावच्या बाजारात भाव नाही म्हणून उन्हाळी कांदा चार-चार महिने चाळीत ठेवणारा शेतकरी एका मिडफिल्डरला शुक्रवारपर्यंत ठेवू शकत नाही, हे या विषयातलं न सुटलेलं कोडं आहे.

घाईचं एक निमित्त मात्र खरं असतं: भाव. ज्याला जास्त लोक घेतात त्याचा भाव एक-एक लाखाने चढतो, ज्याला सोडतात त्याचा उतरतो. हा बदल इंग्लंडमध्ये मध्यरात्रीनंतर होतो, म्हणजे इकडे डेअरीला दूध घालायच्या सुमाराला. पण विकताना नफ्याचा निम्माच हिस्सा हातात येतो: दोन लाख चढले तर एक लाख मिळतो, एकच लाख चढला तर काही नाही. तेव्हा एका लाखासाठी सोमवारी पहाटे उडी मारणारा आणि बुधवारी जायबंदी खेळाडू पदरात घेणारा मॅनेजर नेमका कोणता व्यवहार करतो, हे त्याच्या वडिलांना विचारावं. ते सांगतील.

चिपा, म्हणजे मॅनेजरची राखीव अस्त्रं, चार. वाइल्डकार्डने अख्खा संघ फुकटात बदलता येतो, फ्री हिटने एका आठवड्यापुरता. बेंच बूस्टने बाकावरच्यांचे गुणही धरले जातात, ट्रिपल कॅप्टनने कॅप्टनचे तिप्पट होतात. २०२५-२६ मध्ये चारही चिपा दोनदा मिळाल्या, पहिला संच एकोणिसाव्या फेरीपर्यंत वापरायचा, नाहीतर वाया. एखाद्या आठवड्यात काही क्लबांचे दोन-दोन सामने येतात. बेंच बूस्ट आणि ट्रिपल कॅप्टन तेव्हासाठी राखावेत. रागाच्या भरात वापरलेली चिप कधी फळत नाही.

स्पर्धा खरी असते ती मिनीलीगमध्ये, म्हणजे गावातल्या दहा-बारा जणांच्या गटात. जगात एक कोटी लोक पुढे असले तरी चालतं. शेजारचा पुढे गेला की जेवण जात नाही. मॅग्नस कार्लसन हा बुद्धिबळाचा तेव्हाचा जगज्जेता डिसेंबर २०१९ मध्ये ७० लाखांहून जास्त मॅनेजरांत काही काळ जगात पहिला होता. त्याची मिनीलीगमध्ये चेष्टा झाली असेल का, हा प्रश्न नगरकराला पहिला पडतो. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. एफपीएलला प्रवेश फी नसल्यामुळे त्याला झळ लागली नाही. गावात हरणाऱ्याने सगळ्यांना मिसळ द्यायची असते, ती मात्र कोणत्या कलमात बसते ते अजून कोणी वकिलाला विचारलेलं नाही.

मिनीलीगमध्ये पुढे असेल त्याने शेजाऱ्यांकडे असलेलेच खेळाडू ठेवावेत, म्हणजे अंतर कमी होत नाही. मागे असेल त्याने, आणि त्यानेच, डिफरन्शियल शोधावा. प्रत्यक्षात पुढचा माणूस चैनीत वेगळं काहीतरी करतो आणि मागचा घाबरून सगळ्यांसारखं करतो, त्यामुळे नोव्हेंबरातली क्रमवारी मे महिन्यात बऱ्याचदा उलटी लागलेली असते.

अखेरच्या दिवशी दहाही सामने एकाच वेळी सुरू होतात, रात्री साडेआठला, डेडलाइन संध्याकाळी सात. त्यानंतर काही करता येत नाही. निकाल लागतो. दोन मॅनेजरांचे गुण सारखे झाले तर नियम असा: हंगामात ज्याने कमी बदल्या केल्या तो वर. म्हणून दरवर्षी एखाद्या मिनीलीगमध्ये ऑगस्टमध्ये संघ लावून पासवर्ड विसरलेला इसम दुसऱ्या कोणाशी तरी बरोबरीत येतो, त्या दुसऱ्याच्या वर बसतो, आणि मिसळ खाताना त्याला विचारतो, "आपल्या संघात होतं कोण कोण?"

(ग्रंथ मिटतो. भांड्यातलं पाणी पितो. जातो.)