माझ्या प्रबंधावर प्रशासक नेमणेबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष, फेलोशिप छाननी समिती
(संस्थेचे नाव मुद्दाम लिहिलेले नाही. शेवटचा हप्ता अजून यायचा आहे.)

विषय : तीन वर्षांत क्षेत्रकार्य पूर्ण का झाले नाही, याचा खुलासा.

महोदय,

आपली नोटीस मिळाली. सात दिवसांत खुलासा मागितला आहे. पत्रावरची तारीख आणि पाकिटावरचा शिक्का यांत नऊ दिवस आहेत. तरीही लिहितो.

'प्रभाग समित्यांमधील नगरसेवक-नागरिक संवाद' हा माझा विषय आपणच जुलै २०२२ मध्ये मंजूर केलात. मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर इथल्या नगरसेवकांची मुदत त्याआधीच, मार्चमध्ये, संपली होती. मुलाखतीच्या दिवशी हे कुणाच्याच लक्षात आले नाही. माझ्याही नाही, मी मनात फेलोशिपची बेरीज करत होतो.

मग तीन वर्षे मी संवाद शोधला. एका प्रभाग कार्यालयातल्या शिपाईमामांनी सभागृह उघडून दाखवले. टेबलावर नावांच्या पाट्या पालथ्या, माइकच्या गळ्याला फडके गुंडाळलेले, अध्यक्षांच्या खुर्चीत निळ्या बादल्यांची चळत. मी विचारले, "पुढची बैठक कधी?" मामा म्हणाले, "मीच तुम्हाला विचारणार होतो. तुम्ही शिकलेले दिसता."

काम मात्र कुठे अडत नव्हते. आयुक्त म्हणून प्रस्ताव मांडायचा आणि प्रशासक म्हणून तोच मंजूर करायचा. ना उपसूचना, ना सभात्याग. सूचक आणि अनुमोदक एकाच पेनाने सही करतात, यापेक्षा सुरळीत कारभार मी पाहिलेला नाही.

म्हणून विनंती, की माझ्या प्रबंधावरही प्रशासक नेमावा. तोच विद्यार्थी म्हणून प्रबंध सादर करील, गाईड म्हणून शिफारस करील आणि परीक्षक म्हणून संमत करील. सरांची सही मिळवण्यासाठी मला त्यांच्या मुलीच्या लग्नाच्या पत्रिका वाटाव्या लागणार नाहीत.

हे जमत नसेल तर मुदतवाढ द्यावी. महापालिकेची मुदत पाच वर्षे आणि ती संपण्याआधी निवडणूक, असे संविधानाचे कलम २४३-यू सांगते. नवी मुंबई आणि कल्याण-डोंबिवलीत तर २०२० पासूनच नगरसेवक नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये चार महिन्यांत निवडणुका उरका म्हणून सांगितले; मतदान झाले १५ जानेवारी २०२६ ला. माझी फेलोशिप तोवर सहा महिन्यांपूर्वीच आटोपली होती. संविधानाला एवढी सवलत मिळते, तर आपल्या नियमावलीतील कलम ९(ब) जरा सैल करायला हरकत काय?

प्रकरणांची संख्या वारंवार का बदलली, असेही आपण विचारले आहे. मुंबईचे प्रभाग २२७ चे २३६ झाले आणि पुन्हा २२७ झाले. माझी प्रकरणे पाचाची सात होऊन परत पाचांवर आली. रचना अंतिम झाल्यावर कळवीन.

आपला,
एक संशोधक

ता. क. : घरभाडे भत्त्यासाठी नगरसेवकाचा रहिवासी दाखला २०२३ मध्ये जोडला होता. छापील 'नगरसेवक' या शब्दाआधी त्यांनीच बॉलपेनने 'माजी' लिहिले होते. 'विद्यमान सदस्याची सही आवश्यक' असा शेरा मारून आपल्या कार्यालयाने तो परत पाठवला. आता विद्यमान सदस्य निवडून आले आहेत. पण मी खोली सोडली.