मंडपाविना बांबू

लालबागच्या माणसाला बांबू दाखवायला जंगलात नेणं म्हणजे माहीमच्या कोळ्याला बोंबील दाखवायला मत्स्यालयात नेण्यासारखं आहे. आषाढ लागला की त्याच्या गल्लीत ट्रकमधून बांबू उतरतात, फुटपाथवर आडवे होतात, मग गणपतीच्या मंडपासाठी सुतळीनं आवळून उभे केले जातात. तिथून अनंत चतुर्दशीपर्यंत दूध आणायला जायचं ते त्यांच्याखालून वाकूनच. १९३४ साली लालबागच्या बाजारात राजा बसला, तेव्हापासून तिथल्या तीन-चार पिढ्यांच्या कमरेला ही सवय आहे. ‘आमच्याकडे केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ पासून बसतो,’ असं यावर गिरगावकर म्हणतो. त्याला कुणी विचारलेलं नसतं.

तरीही एका रविवारी चौघं जण बांबूच्या रानातून धबधब्याकडे निघाले. गिरगावकर, दादरकर, परळकर आणि लालबागकर. नावं देत नाही, कारण असे चौघं कुठल्याही चाळीच्या गॅलरीत सापडतात आणि उगाच भलत्यालाच वाटायचं, हे आपल्यावर लिहिलंय. वय पन्नाशीच्या पुढे, गुडघे त्याच्याही पुढे.

धबधबा कुठला, यावर आधी खूप चर्चा झाली. खारघरचा पांडवकडा १०७ मीटर उंच, नाव भारदस्त. पण दर पावसाळ्यात तिथे जायला मनाई असते. कर्जतच्या बाजूला जावं, तर जिल्हाधिकाऱ्यांचे बंदीचे आदेश धबधब्याच्या आधी येऊन पोचलेले असतात. या बंद्या उगाच नसतात, दरवर्षी माणसं वाहून जातात. पण चौघांचा आवेश लोणावळ्यापर्यंतचा होता, तो खाली उतरवत उतरवत शेवटी बोरिवलीवर आला. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. १०४ चौरस किलोमीटरचं जंगल, तेही लोकलच्या पासावर. तिथली शिलोंड्याची पायवाट रीतसर परवानगी काढून, गाईड घेऊन चालता येते. वाटेत बांबू आहे, शेवटी ओढा आहे आणि घरी जेवायच्या वेळेपर्यंत परत येता येतं. शेवटचा मुद्दा निर्णायक ठरला.

भेटायचं ठरलं दादरला, एक नंबर प्लॅटफॉर्मवर. इथेच मोहीम फसायची होती. डिसेंबर २०२३ मध्ये दादरच्या प्लॅटफॉर्मांचे नंबर बदलले: पश्चिम रेल्वेचे एक ते सात तसेच राहिले आणि मध्य रेल्वेचा एक नंबर आठ झाला. परळकर आयुष्यभर ज्याला एक नंबर म्हणत आला, तिथे इमानेइतबारे उभा राहिला. डोक्यावर भला मोठा आठचा आकडा होता, पण त्याच्या दृष्टीनं तो रेल्वेचा प्रश्न होता. दादरकर पश्चिमेच्या एकवर. दोघंही फोनवर ‘मी एकवरच आहे रे’ असं खरं तेच सांगत होते. लालबागकर करी रोडहून येऊन पुलावर उभा राहिला आणि दोघांनाही वरून हाका मारत बसला. गिरगावकर चर्नी रोडला बसून थेट बोरिवलीला उतरला, कारण दादरला उतरायचं त्याच्या लक्षातच राहिलं नाही. दादरच्या पुढे सगळं परगाव. तिथे कुठे उतरलं तरी सारखंच, अशी त्याची भूमिका आहे.

गाईड एक तरुण मुलगी होती. तिनं आधी सूचना दिल्या: आवाज कमी, कचरा परत न्यायचा, वाट सोडायची नाही, पानसुद्धा तोडायचं नाही. ‘बिबट्या दिसेल का?’ या गिरगावकराच्या प्रश्नावर ती म्हणाली, ‘काका, तुम्ही इतकं बोलत राहिलात तर नाही दिसणार.’ त्यानंतर गिरगावकर मुद्दाम जास्त बोलू लागला.

अर्ध्या तासात बांबू आला आणि लालबागकर थांबला. समोर काटसाची बेटंच्या बेटं, वर जाऊन कमानीसारखी वाकलेली. त्यानं एका बांबूला हात लावला, बोटांनी दोन टिचक्या मारल्या, कान लावला. मंडपाच्या कामात त्याची हयात गेली आहे. ‘बघ रे, काय माल आसा,’ तो दादरकराला म्हणाला. ‘अख्खो मंडप उभो रवात. आणि रस्त्यात एक खड्डो नाय.’

हे शेवटचं वाक्य ज्याला कळत नाही, तो मंडळाचा कार्यकर्ता नव्हे. मुंबईत मंडपासाठी रस्त्यात खणलेल्या प्रत्येक खड्ड्यामागे पालिका दंड घेते. २०२५ मध्ये हा दंड दोन हजारांवरून एकदम १५ हजारांवर नेला, मंडळं खवळली आणि तो पुन्हा दोन हजारांवर आला. इथे मात्र हजारो बांबू बिनखड्ड्याचे, बिनपरवान्याचे, बिनसुतळीचे उभे. लालबागकराला हे बघून आनंद झाला की वैषम्य वाटलं, ते सांगता येणार नाही. त्यानं उजवा हात मात्र खिशात घातला. तिथे सुतळीचं बंडल असतं.

‘काका, हे झाड नाही, गवत आहे,’ गाईड म्हणाली.

लालबागकरानं तिच्याकडे कीव येऊन पाहिलं. पण ती बरोबर होती. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबात बांबू हे गवतच. कायद्याला मात्र ते बराच काळ मान्य नव्हतं. १९२७ च्या वन कायद्यानं बांबूला झाडांत बसवलं होतं, त्यामुळे स्वतःच्या बांधावरचा बांबू तोडून न्यायचा तरी शेतकऱ्याला परवान्यासाठी हेलपाटे पडत. २०१७ मध्ये दुरुस्ती झाली आणि जंगलाबाहेर लावलेला बांबू कागदोपत्री झाडांतून सुटला. जंगलातला मात्र अजून वन कायद्याखालीच आहे. म्हणजे एकच बांबू कुंपणाच्या अलीकडे मोकळा आणि पलीकडे परवान्याचा. गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावानं तर वनहक्क कायद्याचा धागा पकडून २०११ मध्ये आपल्या जंगलातला बांबू स्वतः विकायचा आणि त्याचा वाहतूक परवाना ग्रामसभेनंच द्यायचा हक्क मिळवला. गाईडनं ही गोष्ट सांगितली, तेव्हा लालबागकर पहिल्यांदाच गंभीर झाला. ‘म्हणजे परमिशन त्यांचीच आणि मंडप पण त्यांचोच?’ एवढंच त्यानं विचारलं. मुंबईतल्या कुठल्याही मंडळाला एवढं सुख मिळालेलं नाही.

बांबू फुलतो, हे चौघांपैकी एकालाही ठाऊक नव्हतं. काटस साधारण ३० ते ४५ वर्षांतून एकदा फुलतो, बी धरतो आणि वाळून मरतो. एका टापूतली बेटं बहुधा एकदमच. गिरगावकरानं मनाशी हिशेब मांडला. ‘म्हणजे आमच्या चाळीचा पुनर्विकास आधी होईल की हा आधी फुलेल?’ गाईडला हसावं की सांत्वन करावं ते कळेना. लालबागकराला फुलण्यापेक्षा मरण्याची काळजी होती. सगळे एकदम मेले तर भाव काय होईल?

त्यावर तिनं मिझोरमची हकीकत सांगितली. तिथली एक जात ४८ वर्षांनी फुलते. १९५८-५९ मध्ये फुलली, बी खाऊन उंदीर बेसुमार वाढले, बी संपल्यावर त्यांनी भाताची कोठारं साफ केली आणि दुष्काळ पडला. लोकांच्या मदतीसाठी जी संघटना निघाली, तिचाच पुढे १९६१ मध्ये मिझो नॅशनल फ्रंट हा राजकीय पक्ष झाला, आणि त्यातून पुढे वीस वर्षांचं बंड. २००७ च्या सुमारास बांबू पुन्हा फुलला. ४८ वर्षं मोजून.

उंदरांचं नाव निघताच परळकर पुढे सरसावला. हा त्याचा विषय. मुंबईत १८९६ मध्ये प्लेग आला, हाफकिननं लस बनवली, १० जानेवारी १८९७ ला आधी स्वतःला टोचून घेतली, आणि त्याच्या नावाची संस्था आज परळला जुन्या गव्हर्न्मेंट हाउसमध्ये आहे, हे तो ज्या सुरात सांगतो, त्यावरून संस्था त्याच्या आजोबांनी काढली असावी असं वाटतं. त्यामुळे गाईडनं ‘बांबूत चापडा असतो, हिरवा असल्यानं दिसत नाही, हात घालू नका’ असं बजावलं, तेव्हा बाकीचे तिघं मागे सरले. परळकर जागचा हलला नाही.

‘घाबरायचं काय? आमच्या हाफकिनची लस आहे ना सापावर.’

‘आहे काका. पण ती नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर. चापडा त्यात येत नाही.’

परळकर तरीही हलला नाही, पण आता कारण वेगळं होतं. चापड्याच्या दंशानं माणूस सहसा दगावत नाही, सुजतो आणि कळवळतो, असं तिनं लगेच सांगितलं. परळकराला झालेली जखम मात्र सापाची नव्हतीच. परळच्या औषधाला एक जंगली साप जुमानत नाही, हा परळचा अपमान होता. उरलेली वाट तो मधोमध चालला.

दादरकराचं लक्ष सगळा वेळ जमिनीकडे. लोकांना वाटलं, सापाची भीती. तो बेटांच्या बुडाशी वास्ते शोधत होता. वास्ते म्हणजे बांबूचे कोवळे कोंब. पावसाळ्यात त्यांची भाजी होते. त्याआधी बारीक चिरून पाण्यात ठेवावे लागतात किंवा उकळून पाणी टाकावं लागतं, कारण कच्च्या कोंबात पोटात गेल्यावर सायनाइड तयार करणारं द्रव्य असतं. दादरकराला हे सगळं तोंडपाठ. तो सीकेपी आहे. पावसाच्या तोंडाशी शेवळं कधी येणार आणि ती खाजू नयेत म्हणून काकडं कुठे मिळणार, यावर त्याचं पंचांग चालतं. एक कोंब दिसलाही, चांगला मनगटाएवढा. तो वाकला.

‘काका,’ गाईड म्हणाली, ‘१९७२ चा वन्यजीव कायदा आहे.’

‘मी नुसता बघतोय, मॅडम.’

‘बघा. हातानं नको.’

मग धबधबा आला. म्हणजे ओढा आला, आणि त्यात सपाट कातळावरून पाणी गुडघाभर उंचीवरून खाली येत होतं. गाईडनं तो धबधबा आहे असं सांगितलं नसतं, तर चौघं त्याला ओलांडून पुढे धबधबा शोधत गेले असते. ‘आमच्या पत्र्यावरसून ह्याच्यापेक्षा जास्ती पाणी पडता,’ लालबागकर म्हणाला. परळकरानं थेट पावसात तुंबणारी हिंदमाता काढली. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा तो छातीभर पाण्यातून घरी गेला होता. त्याला ओढ्याचं काय कौतुक?

पण पाय पाण्यात सोडून बसल्यावर हळूहळू तक्रारी थांबल्या. याच डोंगरातलं पाणी अडवून १८६० मध्ये विहार आणि १८७९ मध्ये तुळशी तलाव झाला. मुंबईच्या सात तलावांतला हा तुळशी सगळ्यात लहान आणि पावसाळ्यात बहुधा सगळ्यांत आधी भरून बातमीत येणारा. तो भरला की पाणी विहारकडे जातं, विहार भरला की मिठी नदीत आणि तिथून माहीमच्या खाडीत. गिरगावकराला हे ऐकून बरं वाटलं. आपल्या पणजोबांनी हेच पाणी नळाखाली ओंजळ धरून प्यायलं असेल, तर एवढ्या लांब यायची तशी गरज नव्हती, असं तो म्हणाला. बूट मात्र त्यानंच सगळ्यात शेवटी घातले.

परतताना वेळ उरला म्हणून कान्हेरी. १०९ लेणी, दान देणाऱ्यांत कल्याण-सोपाऱ्याचे व्यापारी, आणि पायऱ्यांवरून खळाळणारं पाणी. खरा धबधबा असा तिकीट काढून, लेण्यांच्या मधोमध भेटला. गाईडऐवजी आता परळकरच बोलत होता. लेण्यांशेजारी कातळात खोदलेली पाण्याची पोढी बघून तो खूश झाला, कारण हिंदमाताचं पाणी साठवायला पालिकेनं परळच्या सेंट झेवियर्स मैदानाखाली आणि दादरच्या प्रमोद महाजन उद्यानाखाली अशाच टाक्या बांधल्यात. भिक्षूंनी ते दोन हजार वर्षांपूर्वी छिन्नीनं केलं. परळकराच्या मते कल्पना मूळची परळचीच असणार. हे तो सांगत असताना एका माकडानं दादरकराच्या पिशवीतला बटाटवडा शांतपणे नेला, चटणी काढून टाकली आणि वडा खाल्ला.

दादरला उतरून स्टेशनबाहेर आले, तेव्हा पश्चिमेला पालघरकडच्या बायका रानभाज्या मांडून बसल्या होत्या. टाकळा, कंटोली आणि वास्ते, चिरून पाण्यात ठेवलेले. दादरकर त्यांच्यासमोर जो बसला तो उठेना. भाव फार सांगतेस, आम्ही आत्ता जंगलातूनच येतोय, तिथे ढिगानं उगवलेत, असं त्यानं सुनावलं.

‘मंग तिकडूनच आनायचे व्हते,’ बाई म्हणाली आणि दोन वाटे त्याच्या पिशवीत टाकले. पैसे लालबागकरानं दिले. त्याचा हात तोवर खिशातच होता.