डिझेलचे सोवळे

भंडारा जिल्ह्यात धानाच्या बांध्या, मामा तलाव आणि राइस मिली यांच्याइतकीच सहज दृष्टीस पडणारी, परंतु जिची नोंद सरकारदरबारी करण्याचे आजवर कोणाही कारकुनाच्या मनात आले नाही अशी एक विभूती आहे. ती म्हणजे फौजेतून निवृत्त होऊन गावी परतलेला आणि पेन्शनीच्या जोडीस लिलावातील एक जुना फौजी ट्रक बाळगून असलेला सुभेदार. हा सुभेदार लाखनीकडे आढळतो, पवनीकडे आढळतो, तुमसरच्या बाजारात लोखंडी भंगाराच्या ढिगाशी वाकलेला आढळतो. त्याचे खरे नाव शिधापत्रिकेवर आणि पेन्शनीच्या कागदावर असते. गावास त्याची गरज पडत नाही.

त्याच्या सैनिकी पराक्रमाविषयी गावाची कल्पना आणि वस्तुस्थिती यांत थोडे अंतर असते, आणि ते मिटविण्याची त्यास घाई नसते. सैन्यात सर्वांनीच तोफा डागावयाच्या ठरविल्या तर तोफांचे खिळे कोणी मोजावयाचे, हा विचार गावकरी करीत नाहीत. सुभेदाराची मात्र सारी हयात ते खिळे मोजण्यात गेलेली असते. ऑर्डनन्स कोरच्या भांडारात बसून मागणीपत्र पाहावे, जिन्नस काढून द्यावा, सही घ्यावी, खतावणीत नावे टाकावे आणि वर्षाअखेर शिल्लक रुजू करून वरिष्ठांची खातरजमा करावी, या शिस्तीत त्याची ती सर्व वर्षे सरली. त्यामुळे प्रत्येक सुट्या भागाचा क्रमांक त्यास मुखोद्गत असतो. तो भाग गाडीत नेमका कोठे बसतो हे पाहण्याचा प्रसंग मात्र सरकारने त्याजवर कधी आणला नाही. निवृत्तीनंतर त्याने ट्रक का घेतला, या प्रश्नाचे उत्तर माझ्या मते येथेच आहे. ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांस भाग वाटले, त्याला एकदा तरी स्वतःच्या नावे एक भाग काढून घ्यावयाचा असतो.

ट्रक अर्थात शक्तिमान. जर्मनीतील मॅन कंपनीशी करार करून १९५९ पासून जबलपुरात बांधला जाऊ लागलेला, चारही चाकांना जोर देणारा, डोंगर, वाळवंट आणि चिखल यांत भेदभाव न करणारा हा ट्रक तीन दशकांहून अधिक काळ आपल्या सैन्याचा भार वाहत होता. नव्वदीत त्याचे उत्पादन थांबले, त्याच्या जागी स्टॅलियन आले, आणि एकेक शक्तिमान डेपोच्या आवारातील गवतात उभा राहून लिलावाची प्रतीक्षा करू लागला. जबलपूर आम्हांस परके नाही. सिवनीवरून उतरले की दिवसभराचा पल्ला. सुभेदाराने ट्रक आणला तो याच वाटेने, आणि कुरईचा घाट नागपूरकडे येताना उताराचा असल्यामुळे इंजिनाचे गुण त्या प्रवासात उघडकीस आले नाहीत.

पहिली अडचण रंगाची निघाली. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२१ व्या नियमान्वये संरक्षण खात्याव्यतिरिक्त कोणाच्याही वाहनास ऑलिव्ह हिरवा रंग देता येत नाही. सुभेदार कायद्याचा भोक्ता. त्याने रंग तत्काळ बदलला. परंतु बदलून जो दिला तोही हिरवाच, केवळ ऑलिव्ह या संज्ञेत बसणार नाही इतपत पिवळसर. आणि तपासणीस आलेल्या अंमलदाराने डोके तिरपे करून, मग सावलीत जाऊन, मग पुन्हा उन्हात येऊन तो रंग न्याहाळला, तेव्हा सुभेदार सावधान स्थितीत उभा होता असे प्रत्यक्षदर्शी सांगतात.

खरी हकीकत सुरू होते ती पहिल्या हंगामात, धानाची पोती घेऊन निघालेला हा ट्रक पुलाच्या चढणीवर प्रथम खोकला, मग धापा टाकू लागला आणि शेवटी थांबला तेव्हा. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा दाबून इतकी तापवावयाची की आत पडलेला डिझेलचा फवारा आपोआप पेट घेईल, एवढीच त्याची युक्ती. तो फवारा ज्या पंपातून येतो त्यातील दट्ट्या आणि त्याभोवतीची नळी यांच्यात अंतर असते अवघे दोन-चार मायक्रॉन, आणि आपल्या डोक्यावरील केस, जेथे तो शिल्लक असेल तेथे, सत्तरेक मायक्रॉन जाडीचा असतो. तेव्हा डिझेल गाळूनच आत सोडले पाहिजे यात दुमत नाही. जुन्या ट्रकात याचा साधा बंदोबस्त असे: फीड पंपाच्या तोंडाशी एक जाळी, त्यापुढे एकामागे एक दोन फिल्टर, पहिला कापडी आणि दुसरा कागदी, आणि जे डिझेल जास्तीचे होईल ते परतीच्या नळीने टाकीत. डेपोच्या गवतात पावसाळे काढलेल्या टाकीत मात्र जंग धरलेला असतो, आणि अर्धवट रित्या टाकीत रात्री दमट हवेचे पाणी होऊन तळाशी बसते. पाणी आणि डिझेल यांच्या सीमेवर एक प्रकारची बुरशी राहते. तिचा बुळबुळीत थर सुटला की फिल्टराचा घसा बंद होतो.

भंडाऱ्याच्या महामार्गालगतचा पंप-नोझलवाला मिस्त्री आला, त्याने नळी सैल करून दोन बोटांवर डिझेल घेतले, चोळले, आणि निदान केले. "साहेब, टाकीत जंग आहे. टाकी उतरवा, आत साखळी टाकून लोळवा, धुवा. दोन्ही फिल्टर नवे टाका, तांब्याचे वायसर बदला. बाकी काही नका करू जी."

एवढ्या स्वस्त आणि एवढ्या सोप्या उपायाने सुभेदाराचा विरस झाला. ज्या व्याधीचा परिहार एका दुपारीत होतो ती व्याधी त्याच्या दर्जाची नव्हे. त्याच रात्री त्याने वही काढली, समास आखला आणि 'इंधन शुद्धीकरण: सुधारणा' असा मथळा घालून तजवीज मांडली, आणि तेव्हापासून त्या घरात डिझेलास जे सोवळे प्राप्त झाले ते जुन्या पिढीतील कर्मठ सासूबाईंच्या पिण्याच्या पाण्यासही कधी लाभले नसेल. पंपावरून आलेला कॅन अंगणात थेट येऊ शकत नाही. तो एक रात्र ओट्यावर निश्चल उभा राहतो, म्हणजे गाळ बसतो. मग वरचे डिझेल नरसाळ्यावर ताणलेल्या दुपदरी मलमलीतून टाकीत उतरते. त्या वेळी तेथे कोणी बोलू नये, शिंकू तर नयेच, असा दंडक आहे. आणि हे सर्व करणारा सुभेदार स्वतः मात्र नळाचे पाणी ओंजळीने पितो. नागपूरचे सांडपाणी नागनदीतून कन्हानेत आणि कन्हानेतून आंभोऱ्याच्या संगमावर वैनगंगेत येते, हे पवनीकडच्या माणसाने कितीदा तरी त्यास ऐकविले असता, "माणसाचं शरीर मजबूत असते," असे उत्तर देऊन तो पुन्हा मलमल झटकू लागतो.

त्यानंतर गाळण्यांचीच आवक सुरू झाली. अपघातग्रस्त टिपरचा एक वॉटर सेपरेटर नागपूरच्या भंगारबाजारातून आला. त्याच्या तळाशी पारदर्शक वाटी असून पाणी साचले की तोटी उघडून सोडता येते. ही वस्तू खरोखर उपयुक्त, आणि येथे थांबता तर सुभेदाराची गणना शहाण्यांत झाली असती. परंतु एका वाटीने जर इतके पाणी पकडले, तर दोन वाट्या किती पकडतील, हा त्रैराशिकाचा मोह त्यास आवरला नाही. दुसरी वाटी आली. तिच्यापुढे दोन मायक्रॉनचा कागदी फिल्टर आला, त्याच्या शेजारी त्याचा राखीव जोडीदार आला, आणि चॅसिसवर ते सर्व एका ओळीत, सारख्या अंतरावर, क्रमांक रंगवून उभे राहिले. प्रत्येकाची वहीत स्वतंत्र खतावणी. आणि ही सारी पलटण त्याने बसविली फीड पंपाच्या अलीकडे, टाकीच्या बाजूस. कारण शत्रूस सीमेवरच अडवावे, राजधानीपर्यंत येऊ देऊ नये, असे त्याचे युद्धशास्त्र.

मिस्त्रीने ती रांग पाहिली आणि काही वेळ तो बोललाच नाही. मग म्हणाला, "साहेब, फीड पंप टाकीतून ओढते. मागून इतकी गाळण लावली तर ते ओढन कोठून? मागे जाड जाळी, पुढे बारीक फिल्टर. पंप ढकलते तेव्हा बारीक फिल्टरातून जाते, ओढते तेव्हा नाही जात."

"मायक्रॉन म्हणजे काय, ठाऊक आहे तुला?" सुभेदाराने विचारले.

"नाही जी," मिस्त्री हात पुसत म्हणाला, "पण गाडी उपाशी आहे, इतकं ठाऊक आहे."

मिस्त्रीचे म्हणणे अक्षरशः खरे होते. सपाटीवर, रिकामी, सकाळच्या गारव्यात गाडी चाले. ओझे घालून चढणीस लागली की इंजिनाची भूक वाढे आणि पुरवठा मात्र तेवढाच राही. त्यातच ओढीच्या बाजूस जितके सांधे तितकी हवेस दारे. या बाजूची फट मोठी कपटी असते; दाबाच्या बाजूस वायसर सैल असेल तर डिझेल ठिबकून आपली चुगली करते, परंतु येथे डिझेल बाहेर येतच नाही, हवा तेवढी गुपचूप आत शिरते. मग गाडी 'एअर घेते', आणि हवा काढण्याचा विधी करावा लागतो.

हा विधी आता गावास तोंडपाठ आहे. सुभेदार बॉनेट उघडून फिल्टरावरचा स्क्रू दोन आटे सैल करतो, खाली हातपंपाची गुंडी धरलेला शेजाऱ्याचा शाळकरी पोरगा ती वरखाली करू लागतो, आणि स्क्रूच्या कडेने प्रथम फुसफुस होऊन पांढरा फेस येतो, मग फेसात थेंब, मग थेंबात एखादा चुकार बुडबुडा. "चालू ठेव," सुभेदार हुकूम देतो. पोराचा अंगठा लाल होतो. शेवटी बुडबुड्याविना अखंड, पिवळसर, पातळ धार मनगटावरून कोपरापर्यंत ओघळते. आणि ती धार पाहताना त्या चेहऱ्यावर जी तृप्ती उमटते ती ट्रक चालू झाल्यावर उमटत नाही, ही गोष्ट मी बारकाईने पाहिली आहे. चालू ट्रक त्यास किंचित अस्वस्थच करतो. चालत्या गाडीत काय सुधारणार?

वाट्यांतून निघालेले पाणी तो फेकून देत नाही. बाजाराच्या मागून गोळा केलेल्या क्वार्टरच्या बाटल्यांत ते भरून, प्रत्येकीवर तारीख, वार आणि 'टाकी, तळ' किंवा 'वाटी क्रमांक दोन' अशी वळणदार अक्षरांतील चिठ्ठी डकवून त्याने पडवीतल्या फळीवर ती मालिका लावली आहे. वर सोनेरी डिझेल, खाली पाण्याचा पट्टा, मध्ये त्या बुरशीचा तपकिरी पदर. मंडईच्या दिवसांत दंडार पाहण्यास आलेल्या मेहुण्याने, घरातील मंडळी निजल्यावर, चिठ्ठीकडे दुर्लक्ष करून त्यांतील एक उघडली. त्याने किती घेतली हे कळले नाही; परंतु पुढील मंडईस तो आला नाही, आणि सुभेदाराच्या वहीत त्या तारखेस 'नमुना एक, गहाळ' अशी नोंद आहे.

मध्यंतरी त्यास नवाच घोर लागला. १ एप्रिल २०२० पासून देशात मिळणारे डिझेल बीएस-सहाचे. त्यात गंधक दहा लक्ष भागांत दहा भागांहून अधिक नसते. ज्या काळी शक्तिमान घडला त्या काळचे डिझेल याच्या कित्येक पट गंधकी, आणि गंधक काढून टाकण्याच्या प्रक्रियेत डिझेलचा अंगभूत ओशटपणाही कमी होतो, हे त्याच्या वाचनात आले. तेलकंपन्या त्याची भरपाई करतात, हे त्याच पानावर पुढे लिहिले असावे. परंतु सुभेदार तेथवर पोचला नाही. आता डिझेल अतिशुद्ध झाल्याची त्यास भीती वाटू लागली. म्हणून रात्रभर निवळवलेले, मलमलीतून गाळलेले, दोन वाट्यांतून आणि दोन मायक्रॉनातून जावयाचे ते डिझेल टाकीत पडताच त्यात तो मापाने टू-टी तेल ओततो. "अजी, मळच टाकाचा होता त धुतलं काहून?" असे घरधनिणीने चुलीपाशी बसल्या बसल्या विचारले. तिला त्याने स्नेहन म्हणजे काय ते अर्धा तास समजावून दिले. तिने तेवढ्या वेळात तांदूळ निवडून घेतले.

यंदा धान चांगले झाले. चुरणे आटोपले, तणस रचून झाली, आणि खरेदी केंद्रावर पोती पोचविण्याची घाई सुरू झाली, तेव्हा शेजारच्या दोघा-तिघांनी जनरीत म्हणून सुभेदाराकडे ट्रकची चौकशी केली. त्याने वही पाहिली आणि पुढील सुधारणा पुरी होईतो थांबण्यास सांगितले. टाकी पोलादाऐवजी ॲल्युमिनियमची करावयाची आहे. शेजाऱ्यांनी मान डोलावली आणि ते सुभेदाराच्या मुलाकडे गेले, कारण मुलापाशी ट्रॅक्टर आहे. त्या ट्रॅक्टरास दोन फिल्टर आहेत, ते कंपनीतून आले तेथेच आहेत, टाकीचे झाकण हरवले असून तेथे पॉलिथिन बांधून वर सुतळी गुंडाळली आहे, आणि त्याने पाच दिवसांत साऱ्या आळीचे धान केंद्रावर नेऊन टाकले.

सहाव्या दिवशी संध्याकाळी सुभेदार सहज म्हणून ट्रॅक्टरपाशी गेला. त्याने सुतळी सोडली, पॉलिथिन उचलले, विजेरी टाकीत धरली, आणि आत पाहून तो बराच वेळ वाकलेलाच राहिला. मग घरात येऊन त्याने हात धुतले, वही काढली, नवे पान घेऊन समास आखला, आणि मुलास हाक मारून सांगितले की राखीव वाटी तशीच पडून आहे, ती उद्या सकाळी ट्रॅक्टरास बसवू.

मुलाने "हो बा" म्हटले. त्या रात्रीपासून ट्रॅक्टर त्याच्या सासुरवाडीस उभा असतो.