सेकंड लागतो

प्रोफाइलराव परभणीत एकच नाहीत. वसमत रोडला एक आहेत, जिंतूर रोडला दोन, आणि सेलू-मानवतलाही शोधलं तर सापडतील. खूण सोपी आहे. फोटो चुलतभावाच्या रिसेप्शनचा, ब्लेझर उसना, नवरा-नवरी कापून टाकलेले. पण डाव्या खांद्यावर कुण्या मामाची चार बोटं राहून गेलेली. भोवती लिंक्डइनचं हिरवं कडं: ओपन टू वर्क.

मी सांगतोय ते वसमत रोडचे. शिक्षण बी.एस्सी. अ‍ॅग्री, घरापासून हाकेच्या अंतरावरच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातून. १९७२ साली सुरू झालेल्या याच विद्यापीठानं देशाला ‘परभणी क्रांती’ ही भेंडी दिली. ती भेंडी केवडा रोगाला सहजी दाद देत नाही, प्रोफाइलराव नकाराला देत नाहीत. वाण कसदार, दोन्ही.

त्यांचा अनुभव वाचावा तर लिंक्डइनवरच. मामाच्या कृषी सेवा केंद्रात एका खरिपात युरियाच्या गोण्या मोजल्या, त्याचं झालं ‘इनपुट सप्लाय चेन ऑपरेशन्स’. शेवटच्या वर्षाला ‘रावे’साठी, म्हणजे ग्रामीण कृषी कार्यानुभवासाठी, खेड्यात राहिले, सरपंचाच्या ओट्यावर चहा प्यायले, त्याचं ‘ग्रासरूट स्टेकहोल्डर एंगेजमेंट’. पब्लिक स्पीकिंग या कौशल्यावर अकरा जणांनी शिक्का मारलाय. त्यांनी प्रोफाइलरावांना टपरीवर ‘दोन कट’ म्हणताना ऐकलंय, त्यापलीकडे काही नाही. अर्थात प्रोफाइलरावांनीही त्या अकरांच्या ‘लीडरशिप’वर शिक्के मारलेत. फिट्टंफाट.

‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ असं गाव म्हणतं. प्रोफाइलरावांनी राहण्याच्या जागी ‘पुणे महानगर’ लिहून दोन्ही बाजू सांभाळल्या. यात मात्र त्यांची अक्कल दिसते, हे मान्य केलं पाहिजे. नोकरी देणारी माणसं शहराचं नाव टाकून यादी गाळतात. परभणी लिहिणारा त्या चाळणीत वरच राहतो. मुलाखतीला बोलावलं तर देवगिरीनं किंवा नंदीग्रामनं मुंबईकडं निघता येतं, पण आधी कुणाला दिसलं तर पाहिजे!

खरी गंमत त्यांच्या वडिलांपाशी. धान्याच्या मोंढ्यात जन्म गेलेला माणूस. एकदा त्यांनी मुलाच्या खांद्यावरून मोबाइलात डोकावून विचारलं, “हा टायवाला कोण रे?”

“बंगळूरचे आहेत. मोठ्या बियाणे कंपनीत एचआर.”

“आपला कोण लागतो?”

“सेकंड लागतो.”

“म्हंजे मावसचुलत?”

“म्हंजे माझ्या ओळखीच्याच्या ओळखीचा.”

“मग तसं म्हण की. सोयऱ्याचा सोयरा. तशे तर मला गंगाखेडपस्तोर हजार हायेत. त्याला कंपनी कशाला पायजे?”

लिंक्डइन ही कंपनी २००३ साली लोकांसाठी खुली झाली आणि २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टनं तिला २६ अब्ज डॉलरांहून जास्त मोजून घेतलं, असं प्रोफाइलरावांनी ऐकवलं. सोयऱ्यांचे एवढे पैसे होतात हे ऐकून वडील बराच वेळ काही बोलले नाहीत.

आता शास्त्राचं म्हणाल तर ते बापलेकांत अर्धं-अर्धं वाटलं गेलंय. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानं १९७३ मध्येच मांडलं होतं, की नोकरीची बातमी घट्ट दोस्ताकडून कमी आणि लांबच्या ओळखीकडून जास्त येते, कारण दोस्ताला तेच माहीत असतं जे आपल्याला. २०२२ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात लिंक्डइनच्याच दोन कोटी लोकांवर पाच वर्षं चाललेल्या प्रयोगाचा निकाल आला. अगदी अनोळखीही नको, अगदी घरचाही नको. मधला, दहाएक सामाईक ओळखींचा माणूस सर्वांत कामाचा. म्हणजे सेकंडची बाजू भक्कम. पण त्याच अभ्यासात हेही निघालं, की जिथं कॉम्प्युटरचा वावर कमी, त्या धंद्यांत घट्ट नातीच जास्त चालतात. म्हणजे मोंढा. वडिलांनी ‘सायन्स’ वाचलेलं नाही, गरजही पडली नाही.

प्रोफाइलराव मात्र मधला माणूस शोधण्याच्या भानगडीत पडत नाहीत. लग्नाच्या पत्रिकेसारखी रिक्वेस्ट वाटतात, ओळख असो-नसो. आकडा पाचशेच्या पुढं गेला की साइट तो मोजून दाखवणं बंद करते, नुसतं पाचशेच्या वर असं लिहिते. त्या दिवशी त्यांनी मित्रांना पार्टी दिली. पैसे वडिलांचे.

आणि एक दिवस खरोखर मेसेज आला. सेकंडचा. बियाणे कंपनीला जिंतूर-पाथरी भागात फिरणारा माणूस हवा होता. सोयाबीन-कापूस कळणारा, उन्हात शेतकऱ्याच्या बांधावर उभा राहणारा, स्वतःची मोटारसायकल असणारा. प्रोफाइलरावांनी ‘फील्ड’ हा शब्द वाचला आणि हसले. आपली लाइन ‘स्ट्रॅटेजी’ची. पण माणूस मोठ्या मनाचा. बोरीच्या एका ज्युनिअरचं नाव धाडून दिलं. त्या पोराचं प्रोफाइलच नव्हतं. होती एक जुनी मोटारसायकल, आणि तालुक्यातला एकूणएक दुकानदार त्याला नावानं हाक मारायचा. पंधरवड्यात पोरगं कामावर.

रात्री प्रोफाइलरावांनी पोस्ट टाकली: कळवण्यास अत्यंत आनंद होत आहे की... पुढचं कुणी वाचलंच नाही. अभिनंदनांचा पाऊस. ते एकेकाचे आभार मानत बसले होते, तेवढ्यात वडील उठून आले.

“लोक अभिनंदन करायलेत म्हणं. लागली का नोकरी?”

“लागली.”

“कोणाला?”

पोरानं नंतर अर्धा किलो पेढे आणून दिले, ते वडिलांनी संपवले. प्रोफाइलरावांनी हिरवं कडं ठेवलंय, पण खाली नवी ओळ आली: टॅलेंट अ‍ॅक्विझिशन कन्सल्टंट. हल्ली गल्लीतल्या बायका पोरांचे बायोडाटा घेऊन येतात. प्रोफाइलराव खुर्ची देतात, कागद उलटेपालटे करतात आणि विचारतात, “काकू, पोराला गाडी आहे का?” आहे म्हटलं तर सेकंडला मेसेज जातो. नाही म्हटलं तर म्हणतात, “काळजी करू नका, लीडरशिप टाकू.”